हवं होतं: नाव, बाप, आई

परीक्षेचा एक तास उरला होता, तेव्हा नुबे तेनेसाकाच्या पडद्यावर एकतीस चुका होत्या.

लिहिल्या होत्या जेमतेम सत्तर ओळी. दर दोन-अडीच ओळींमागे एक चूक म्हणजे काय, चेष्टा आहे? पण कंपाइलर चेष्टा करत नाही, तोच तर वांधा आहे. माणूस कसा, अर्धवट बोललेलं समजून घेतो, 'हां हां, आलं लक्षात' म्हणतो आणि वेळ मारून नेतो. कंपाइलर काही समजून घेत नाही. तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम तो ओळीन् ओळ तपासतो, एक अर्धविराम राहिला तरी अडून बसतो, आणि वर बोलतो इंग्रजीत. आसोगेस गावच्या तंत्रशाळेतल्या त्या खोलीत तेवीस संगणक होते आणि सकाळपासून तेवीसच्या तेवीस इंग्रजीतून 'नाही' म्हणत होते.

नुबेची ही तिसरी नावनोंदणी. आमच्याकडचा नियम सरळ आहे: एका विषयात एकदा नापास झालात, पुन्हा बसा, दुसऱ्यांदा झालात, पुन्हा बसा, तिसऱ्यांदा झालात, घरी बसा. मग तो अभ्यासक्रम तुम्हाला कायमचा बंद. नुबेनं बाकीचे सगळे विषय काढले होते, गणितसुद्धा. हा एक ऑब्जेक्टचा विषय तेवढा दोनदा गेला होता. तो सुटला की पदविका हातात, आणि नाही सुटला की चार वर्षं पाण्यात. वय एकेचाळीस. त्याआधी अकरा वर्षं ती याच तंत्रशाळेसमोरच्या दुकानात झेरॉक्स काढायची. दुसऱ्यांच्या वह्यांच्या प्रती काढता काढता तिला त्या वाचायचा नाद लागला, आणि एक दिवस 'यात काय एवढं' म्हणून तिनं स्वतःच नाव घातलं. यात काय एवढं ते आता तिला बरोबर कळत होतं.

"एक गोष्ट पुन्हा सांगतो," इंजिनियर वॉशिंग्टन ओर्दोञेस फळ्यापाशी उभे राहून म्हणाले. त्यांना सगळे इंजे म्हणायचे. "ज्याचं कंपाइल होणार नाही त्याला शून्य. कंपाइल झालं पण चालताना मधेच पडलं, त्यालाही शून्य. प्रयत्न केला म्हणून गुण द्यायला मी काही चर्चमधला पाद्री नाही."

कुणी हसलं नाही. पास व्हायला वीसपैकी चौदा हवे होते.

सकाळी निघताना मुलीनं, अनाईनं, तिला समोर बसवून उकडलेला मका आणि अंडं खायला लावलं होतं. अनाई वीस वर्षांची. हाच विषय तिनं गेल्या वर्षी पहिल्याच फटक्यात काढला होता, अठरा गुणांनी. म्हणजे लेक पुढं आणि आई मागं, अशी त्या घरातली शाळा होती.

"आई, ऐक. चुकांची यादी बघून घाबरायचं नाही. पहिली चूक धरायची. बाकीच्या बहुतेक तिचीच पिल्लं असतात."

"आणि पहिलीच कळली नाही तर?"

"तर ती पुन्हा वाचायची. तू सगळं घाईघाईनं वाचतेस. दुकानात नाही का, लोक पैसे देईपर्यंत तुझ्या तीन प्रती निघालेल्या असायच्या."

मग दारापर्यंत आल्यावर अनाई म्हणाली, "आणि आई, इंजे कधी कधी घरातल्या माणसांची..." आणि गप्प झाली.

"घरातल्या माणसांची काय?"

"काही नाही. जा तू, उशीर होईल. मी दहाला बाहेर असेन."

तेव्हा नुबेला त्यात काही वाटलं नव्हतं. आता प्रश्नपत्रिका समोर असताना मात्र ते अर्धं वाक्य तिला आठवत होतं.

प्रश्न एकच होता. तुमच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाचा एक ऑब्जेक्ट बनवा आणि त्याचं पूर्ण नाव ओळखपत्रावर असतं तसं छापा. इंजेंनी कॉपी रोखायला काढलेली ही युक्ती: ज्याचं त्याचं घर वेगळं, मग शेजारच्या पडद्यात डोकावून उपयोग काय? सांगाडा त्यांनीच दिला होता. 'माणूस' नावाचा एक क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट घडवायचा साचा, तयार होता. 'मुलगी' या क्लासचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे मुलगी जन्माला घालायची रीत, तीही तयार होती: नाव द्या, बाप द्या, आई द्या, की आडनावं आपोआप लागणार. पहिलं बापाचं, दुसरं आईचं. कोण कुणाचा वारसा घेतो ते मात्र ज्यानं त्यानं लिहायचं. खाली ठळक अक्षरांत सूचना होती, दिलेल्या ओळी बदलायच्या नाहीत, भर घातली तर चालेल.

नुबेनं लिहिलं होतं, 'मुलगी' ही 'बाप' आणि 'आई' या दोघांचा वारसा घेते. आणि तुम्हीच सांगा, दुसरं काय लिहिणार? ज्या मुलखात माणूस किराणा दुकानातल्या पावतीवरसुद्धा दोन आडनावांनी सही करतो, तिथं वारसा दोघांकडून येतो हे शेंबडं पोरही सांगेल.

कंपाइलरची पहिली चूक नेमकी त्याच ओळीवर होती. तो म्हणत होता, इथं महिरपी कंस हवा होता. नुबेनं पाहिलं तर कंस होता की. तिनं आणखी एक घातला. चुका चौतीस झाल्या. तिनं तो कंस काढला, हात मांडीवर ठेवले आणि मुलीनं सांगितलं तसं पुन्हा वाचलं, एकेक अक्षर.

खूण कंसाखाली नव्हती. ती स्वल्पविरामाखाली होती. 'बाप' या शब्दानंतरच्या.

म्हणजे एक पालक सांगितल्यावर त्याला दुसरा ऐकायचाच नव्हता. लगेच कंस हवा होता. आणि मग तिला तिसऱ्या आठवड्यातला तास आठवला, जो तिनं तीन वर्षांत तीन वेळा ऐकला होता आणि तिन्ही वेळा हसून सोडून दिला होता. इंजे म्हणाले होते, "क्लासचा वारसा म्हणजे घरचा वारसा नव्हे, मंडळी. मधे 'आहे' घालून वाचून बघा. कुत्रा प्राणी आहे, ठीक. मुलगी बाप आहे? झाला ना घोटाळा? मुलगी माणूस आहे." सगळा वर्ग खिदळला होता. नुबेही. हसण्यावारी नेलेलं ज्ञान असं ऐन वेळेला गाठतं.

तिनं 'बाप' खोडला, 'आई' खोडली आणि लिहिलं, 'मुलगी' ही 'माणूस'चा वारसा घेते. कंपाइल केलं. बारा चुका.

एकोणीस पिल्लं एका दमात गेली. खूश व्हायलाही वेळ नव्हता. पुढची. आडनावासाठीच्या स्पॅनिश शब्दात एकीकडे दोन एल घातले होते आणि दुसरीकडे एकच. नऊ. 'आई' एकदा मोठ्या लिपीत, एकदा लहान. पाच. अर्धविराम. चार. अर्धविराम. तीन. आता तिला पटापट दिसायला लागलं होतं, घोडं कुठं पेंड खातंय ते. शेवटी पडद्यावर एकच चूक उरली आणि भिंतीवरच्या घड्याळात अठरा मिनिटं.

घरात माणसं तीन होती: नुबेची म्हातारी आई, नुबे आणि अनाई. म्हातारीचा ऑब्जेक्ट झाला होता. नुबेचा झाला होता. नुबेचे वडील वारून नऊ वर्षं झालेली, पण आडनाव द्यायला ते होते. चूक होती चौसष्टाव्या ओळीवर, अनाईच्या. तिथं नुबेनं विचार न करता, हाताला सवयच तशी म्हणून, दोनच गोष्टी दिल्या होत्या. कंपाइलरनं खाली लिहिलं होतं:

हवं होतं: नाव, बाप, आई.
मिळालं: नाव, आई.

नुबे त्या दोन ओळींकडे बघत राहिली. मेलं यंत्र. वीस वर्षं जे जे टेबलापलीकडून विचारलं गेलं ते सगळं यानं दोन ओळींत उरकलं होतं.

अनाई बारा दिवसांची असताना नुबे तिला घेऊन जन्मनोंदणीच्या कचेरीत बसली होती. पोरीचा बाप सेगुंदो किश्पी येणार होता. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे त्यानं स्वतः येऊन सही करायची, तर पोरीला त्याचं आडनाव. आठला येतो म्हणाला होता. साडेबाराला कारकुनानं खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "बाई, येणारेत का ते?" नुबे म्हणाली, येतील. तीन वाजता त्यानं पुन्हा विचारलं, आणि मग काही न विचारता आईचीच दोन्ही आडनावं पोरीला लावून कागद पुढं सरकवला. अनाई तेनेसाका नाउला. आईचं नाव, नुबे तेनेसाका नाउला. आमच्याकडे याचा अर्थ कुणाला समजवावा लागत नाही. शाळेत हजेरी घेतली की मागच्या बाकावरची पोरं विचारायची, "तुझी आई तुझी बहीण आहे का गं?" पोरगी घरी येऊन नुसती दप्तर आपटायची, आणि नुबेला कळायचं.

"पंधरा मिनिटं," इंजे म्हणाले.

नुबेनं कपाळावरचा घाम पुसला. बाप हवाय ना, मग देऊ. तिनं बापाच्या जागी 'काहीच नाही' असा अर्थ असलेला शब्द घातला. तो तिला पाठ होता. कंपाइल झालं. चूक एकही नाही. तिनं घाईनं प्रोग्रॅम चालवला. म्हातारीचं नाव छापलं गेलं, नुबेचं छापलं गेलं, आणि तिसऱ्या नावाशी तांबडी अक्षरं उसळून सगळं बंद पडलं. प्रोग्रॅम बापाला आडनाव विचारायला गेला आणि तिथं बापच नव्हता.

मधेच पडलं तर शून्य.

"दहा."

आणि मग तिनं ते केलं. दात आवळून, कुणाची तरी चोरी करावी तसं, तिनं एक 'बाप' बनवला. नाव सेगुंदो, आडनाव किश्पी. त्याला चौसष्टाव्या ओळीत नेऊन बसवला. वीस वर्षांत तिनं ते नाव कुठंही लिहिलं नव्हतं. कंपाइल झालं. चाललं. तीन ओळी छापल्या गेल्या, आणि तिसरी होती:

अनाई किश्पी तेनेसाका.

झालं की. सुटली की बाई. आता नुसतं हात वर करून इंजेंना बोलवायचं, ते बघणार, मान हलवणार, गुण देणार. ते काय घरोघर जाऊन ओळखपत्रं तपासणार आहेत? चार वर्षांचा घास अगदी ओठांशी आला होता. शहाणी बाई असती तर तिथंच उठली असती.

नुबे उठली नाही. ती ते नाव वाचत राहिली. दिसायला चांगलं दिसत होतं, तेच तर वाईट होतं. चारचौघींसारखं. या नावाच्या मुलीला कुणी हजेरीत हसलं नसतं. या नावाची मुलगी ताप आलेल्या रात्री नुबेच्या मांडीवर झोपली नव्हती, झेरॉक्सच्या मशीनमागे पुठ्ठ्यावर बसून पाढे म्हणत नव्हती, आज सकाळी समोर बसून मका खाऊ घालत नव्हती. ही कोण? आणि जो माणूस आठ वाजता येतो म्हणून तीन वाजेपर्यंत आला नाही, त्याला नुबेनं स्वतःच्या हातानं आणून खुर्चीत बसवला होता. पास होण्यासाठी. तिला स्वतःची इतकी चीड आली की कानशिलं तापली.

घड्याळात सात मिनिटं होती. तिनं सेगुंदोला निवडलं आणि खोडलं. सगळाच्या सगळा.

पडद्यावर तीच चूक परत आली. हवं होतं: नाव, बाप, आई.

दिलेल्या ओळी बदलायच्या नाहीत. भर घातली तर चालेल. भर. कन्स्ट्रक्टर एकापेक्षा जास्त असू शकतात, हे तिच्या वहीत होतं. तारखेसकट होतं, दोनदा अधोरेखित. एकाच क्लासला जन्म घ्यायच्या दोन रीती. ज्याला जेवढं मिळालं त्याप्रमाणे यंत्र आपली आपण रीत निवडतं. हे तिनं घोकलं होतं, पण स्वतः कधी लिहिलं नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती, म्हणजे तिला तसं वाटलं होतं.

इंजेंच्या कन्स्ट्रक्टरखाली तिनं जागा केली आणि लिहायला लागली. मुलगी: नाव, आई. पहिलं आडनाव, आईचं पहिलं. दुसरं आडनाव, आईचं दुसरं. बोटं चुकत होती, ती मागं जाऊन दुरुस्त करत होती.

"पाच मिनिटं. ज्यांचं झालंय त्यांनी हात वर करा."

आजूबाजूला हात वर गेले. नुबेनं कंपाइल केलं. दोन चुका.

पहिली धरायची. अर्धविराम, आडनावाच्या ओळीनंतर. घातला. कंपाइल. एक.

"नाउलांची नुबे म्हणतात मला," ती स्वतःशीच पुटपुटली, "मी काय इथं हरायला आलेय?" ती शेवटची चूक तिनं तीनदा वाचली. चिन्ह सापडत नाही, म्हणे. कुठलं चिन्ह? दुसरं आडनाव. पुन्हा तो एल. एकच घातला होता. दुसरा घातला. इंजे पुढच्या रांगेतून वळून तिच्या रांगेत आले होते. तिनं कळ दाबली.

पडद्यावर काही आलं नाही. कंपाइलरला काही म्हणायचं नसलं की तो काहीच म्हणत नाही. शाबासकी वगैरे त्याच्या स्वभावात नाही.

"बोला, दोञा नुबे," इंजे अदबीनं म्हणाले आणि मागं येऊन उभे राहिले. त्यांनी स्वतः वाकून प्रोग्रॅम चालवला. तीन नावं आली. तिसरं त्यांनी मोठ्यानं वाचलं. "अनाई तेनेसाका नाउला. ही तुमची बहीण का?"

"मुलगी, इंजे."

इंजेंचे कान लाल झाले. गेल्या वर्षी त्यांच्याच वर्गात होती पोरगी, पण एवढ्या जणांत कोण लक्षात ठेवतो. ते पडद्यावर वर सरकत गेले, ओळी बघत, आणि त्या नव्या कन्स्ट्रक्टरशी थांबले.

"हा मी दिला नव्हता."

"भर घातली तर चालेल, असं तुम्हीच लिहिलंय."

"लिहिलंय खरं." त्यांनी तो पुन्हा वाचला, सावकाश. "सहा वर्षं अधूनमधून हा सांगाडा देतोय मी. कुणी बोललं नाही."

"कोण बोलणार, इंजे?"

त्यांनी यादीत तिच्या नावापुढं सोळा लिहिले. "ओळींशेजारी टिपा लिहिल्या नाहीत, चार कापलेत," ते म्हणाले, आणि पुढच्या संगणकाकडे गेले.

बाहेर व्हरांड्यात धुकं आत आलं होतं. अनाई पायरीवर बसली होती, मांडीवर गरम पावांची पिशवी घेऊन. आईला बघून ती उठली, पण पुढं आली नाही.

"किती?"

"सोळा."

अनाईनं डोळे मिटले आणि उघडले. मग तिनं पिशवीतून पाव काढून दिला. नुबेनं तो अर्धा केला. दोघी उभ्या उभ्या खाऊ लागल्या.

"आई," थोड्या वेळानं अनाई म्हणाली, पावाकडे बघत. "घरातली माणसंच होती ना प्रश्नात?"

"हो."

"बापाच्या जागी काय घातलंस?"

"काही नाही. दुसरा कन्स्ट्रक्टर लिहिला."

अनाई खायची थांबली. "मी किश्पी घातलं होतं," ती म्हणाली. "गेल्या वर्षी."

पोरीला ते नाव नुबेनं एकदाच सांगितलं होतं, ती अकरा वर्षांची असताना, तिनं विचारलं म्हणून.

"तुला तर दुसरा लिहिता येत होता," नुबे म्हणाली. "तूच मला शिकवलास."

"येत होता."

आत इंजे खुर्च्या नीट लावायला सांगत होते.

"बरं दिसत होतं का?" नुबेनं विचारलं.

"हं. बरं दिसत होतं."

"मीही घातलं होतं. तीन मिनिटं."

अनाईनं वर पाहिलं. "मग?"

"मग पुसलं. घरात राहणाऱ्यांचीच नावं हवी होती. त्या नावाची कुणी आपल्या घरात राहत नाही."

अनाईनं मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. नुबेनं आपल्या वाटणीचा पाव तिच्या हातात दिला, पिशवी काखेत मारली आणि तिचा दंड धरून तिला फाटकाकडे घेऊन निघाली, कारण म्हातारी घरी वाट बघत होती आणि तिला सोळा म्हणजे पास हे दोनदा ओरडून सांगावं लागणार होतं.